पाटावरचा हत्ती

हस्त नक्षत्र लागलं की आमच्या सांगलीत हादगा सुरू होतो. पुण्याकडे त्यालाच भोंडला म्हणतात. पाटावर हत्ती मांडायचा, पोरींनी त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि सगळ्यात शेवटी, ज्या घरी हादगा असेल त्या घरची खिरापत ओळखायची. माझी लेक पहिलीत असताना समोरच्या घरून हादग्याचं बोलावणं आलं. तेव्हा ती कॅलिपर घालून वॉकरवर चालायची. फेर धरायचा म्हणजे दोन्ही हात मैत्रिणींच्या हातात द्यायचे, मग वॉकर कोण धरणार? त्या घरच्या काकू फार मायाळू. त्यांनी लगेच मार्ग काढला. हत्तीच्या पाटाला लागून दुसरा पाट मांडला, त्यावर सतरंजीची घडी टाकली आणि "ही आमची मानाची पाहुणी" म्हणत हिला तिथं बसवलं. पोरी भोवती फिरायला लागल्या. मी दारात उभी होते. लोक आपल्या पोरीला किती सांभाळून घेतात, असं वाटून मला भरून आलं.

रात्री कॅलिपरचे पट्टे सोडवत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, सगळ्या फेरात होत्या. मी हत्ती होते."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. ते वाक्य मला नीट कळलं ते पुढे पाच वर्षांनी, कोल्हापूरच्या सहलीवरून परत आल्यावर. तेच सांगायचं आहे, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

तिला स्पायना बायफिडा आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या बारीक नळीपासून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. आमच्या बाळाची ती खालच्या बाजूला मिटली नाही. कणा तिथं उघडा राहिला आणि मज्जारज्जू पाठीवर एका पिशवीत बाहेर आला. डॉक्टर त्याला मायलोमेनिंगोसील म्हणाले, घरात सगळे 'पाठीवरची गाठ' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी तिची पाठ शिवली. तीन आठवड्यांनी डोक्यात पाणी साठायला लागलं, म्हणून शंट बसवला. मेंदूतलं पाणी पोटात उतरवणारी ती नळी कातडीखालून जाते. तेल लावताना कानामागं बोट फिरवलं की ती अजून हाताला लागते.

आणि मग ग्रहण. मला विचारलं नाही असं माणूस नात्यात उरलं नसेल. "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं? सुरी हातात घेतलीस? काही चिरलंस?" तिचा जन्म नोव्हेंबर २०११ चा. त्या वर्षी १५ जूनच्या रात्री मोठं खग्रास चंद्रग्रहण झालं होतं, सगळ्यांना आठवत होतं. मलाही आठवत होतं, कारण त्या संध्याकाळी मी भेंडी चिरली होती. दोन वर्षं त्या भेंडीनं माझा पिच्छा सोडला नाही. मग एका तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी २८ दिवसांचं गणित सांगितलं आणि मी घरी येऊन कॅलेंडर काढून बसले. मार्च संपेपर्यंत ती नळी मिटायची ती मिटून चुकली होती. ग्रहण लागलं त्याच्या अडीच महिने आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. माझ्यासारखी एखादी आई हे वाचत असेल तर तिनंही आपलं कॅलेंडर काढून बघावं.

तिचे बाबा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. त्यांना मी एकदा जॉन होल्टर या माणसाची गोष्ट वाचून दाखवली. होल्टर अमेरिकेत फिलाडेल्फियाला कुलपं बनवणाऱ्या कंपनीत काम करायचे. १९५५ मध्ये त्यांना मुलगा झाला, त्याला हाच आजार होता आणि डोक्यात पाणी. दवाखान्यात बसून डॉक्टरांची अडचण ऐकली, घरी गेले आणि पाणी एकाच दिशेनं जाऊ देईल अशी झडप घडवायला बसले. १९५६ पासून त्यांची झडप मुलांना बसायला लागली. हे ऐकून आमचे हे बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी टेप घेऊन शाळेत गेले आणि संडासाची मापं घेऊन आले. भिंतीला लागून घडी होणारी स्टीलची बैठक आणि तिच्या डाव्या हाताला बसेल असा दांडा, दोन्ही त्यांनी स्वतः केलं. ती बैठक अजून त्या शाळेत आहे. मागच्या वर्षी पाय मोडलेला एक मुलगा दीड महिना तीच वापरत होता.

संडासाचंच का सांगतेय असं वाटेल. लोकांना चाकाची खुर्ची दिसते, कॅलिपर दिसतात, आणि चालता येत नाही हेच मोठं दुखणं, असं त्यांना वाटतं. आमच्या घरात खरा हुकूम चालतो तो घड्याळाचा. तिच्या मूत्राशयाला भरल्याचं कळत नाही आणि आपण होऊन रिकामंही होता येत नाही. दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. नाही काढली तर कपडे ओले होतात, आणि उलटं पाणी वर चढलं तर मूत्रपिंडं जातात. पोट साफ करायचीही वेळ ठरलेली, सकाळचा पाऊण तास. शाळा ११ ते ५. मधे एकदा तरी नळी घालायलाच हवी. म्हणून बालवाडीपासून मी रोज मधल्या सुट्टीत शाळेत जायचे. पावसाळ्यात, तापात, घरी पाहुणे असले तरी. एकही दिवस चुकवला नाही याचा मला अभिमान होता.

नळी तिची तिनं घालायला शिकावं, असं डॉक्टर सहाव्या वर्षापासून सांगत होते. मीच टाळत होते. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, गावभागात पाणी शिरलं आणि आम्ही सासूबाईंना, तिला आणि दोन पिशव्या घेऊन वरच्या भागातल्या नणंदेकडे गेलो. चौदा माणसं, एक बाथरूम. तिसऱ्या दिवशी मी दुधाच्या रांगेत अडकले. दोन तास झाले, तीन झाले, रांग हलेना. नळीची वेळ होऊन गेली म्हणून जीव टांगणीला लागला. धावत घरी आले तर सासूबाई बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या, हात आत करून. आतून आवाज आला, "आजी, आरसा थोडा खाली धर." पाच मिनिटांनी दार उघडलं. माझ्या सासूबाई सातवी शिकलेल्या, आणि नळीकडे बघायलाही त्या पूर्वी घाबरायच्या. त्यांनी पाणी उकळून निववलं होतं, साबणानं तिचे हात धुवून घेतले होते. तेवढं पुरतंही. पूर्वी यासाठी सगळं निर्जंतुकच लागतं असा समज होता. १९७२ मध्ये मिशिगनच्या डॉ. लॅपिडस यांनी दाखवून दिलं की स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी असली की काम भागतं, महत्त्व आहे ते वेळच्या वेळी रिकामं करण्याला. तेवढ्या एका गोष्टीमुळं जगभरातली किती मुलं शाळेत जाऊ शकली असतील! आमची पुरातसुद्धा निभावली.

पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी जुन्या इरकल लुगड्याच्या काठाची एक थैली शिवून दिली. नळी, छोटा आरसा, साबणाची वडी, जेली, रुमाल. बाहेरून बघितलं तर कुणालाही कंपासची पिशवी वाटावी.

तरी मी शाळेत जातच राहिले. "नुसती दाराशी उभी राहते, तुला काही लागलं तर." असं आणखी तीन-चार वर्षं.

पाचवीला वर्ग वरच्या मजल्यावर गेला. शाळेत विनवण्या केल्या, 'बघू' म्हणाले, सहा महिने बघत राहिले. मी तिला पाठीवर घेऊन जिना चढायचे. शेवटी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत जोडून अर्ज दिला, तेव्हा पाचवीचा वर्ग खाली आला. त्या कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व सांगितलंय, त्यात स्पायना बायफिडा हे नाव नाही. आमची मुलं अस्थिव्यंगाच्या रकान्यात बसतात. पण सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे, आणि अर्जावर कायद्याचं कलम दिसलं की 'बघू' म्हणणारी माणसंही कागद वाचायला लागतात. सगळ्याच आईबापांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

त्याच वर्षी दप्तर उचलताना एकदा मला पाण्याची बाटली जड लागली. सकाळी भरून दिलेली, संध्याकाळी तेवढीच. दुसऱ्या दिवशी तसंच. आठवडाभर मी काही न बोलता बाटली उचलून बघत होते. मग तिला थंडी वाजून ताप भरला, लघवीत जंतुसंसर्ग निघाला, चार दिवस दवाखान्यात काढले. सलाईन चालू असताना तिनं सांगितलं की एका मुलीनं विचारलं होतं, "तुझी आई रोज संडासपाशी का उभी असते?" पाणी प्यायलं नाही तर जायला नको, जायला नको तर आई यायला नको, असा तिचा हिशोब. अकरा वर्षांच्या पोरीनं तो एकटीनं केला होता, आणि गणितात ही कच्ची म्हणून शाळेतून चिठ्ठ्या यायच्या.

गणिताचंही सांगायलाच हवं. डोक्यात पाणी असलेली बरीच मुलं बोलायला फार गोड असतात. पाठांतर चांगलं, शब्द भरपूर, मोठ्यांशी गप्पा छान. त्यामुळं आकडेमोड, नकाशा, वेळेचा अंदाज, वह्या नीट लावणं हे जमत नाही तेव्हा बाई म्हणतात, "एवढं बोलता येतं, मग हे का येत नाही? आळस करते." तो आळस नसतो. नळीची वेळ झाली हे तिला मनानं आठवतच नाही. थरथरणारं मनगटी घड्याळ घेऊन दिल्यावर ते निम्मं सुटलं. आवाज नाही, कुणाला कळत नाही, फक्त मनगटाला गुदगुली.

फुगे. दुसरीत एका वाढदिवसाला तिनं फुगा तोंडानं फुगवला आणि ओठ सुजून टम्म झाले, अंगभर गांधी उठल्या. तेव्हा कळलं की लहानपणापासून वारंवार ऑपरेशनं झालेल्या या मुलांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी पुष्कळदा होते. डॉक्टरांचे हातमोजे, फुगे, रबर बँड, सगळंच जपायचं. काहींना केळंही चालत नाही. वाढदिवसाला बोलावणं येणं मग आपोआप थांबलं, कुणी मुद्दाम थांबवलं असं नाही. आयांना भीती वाटायची. तिसरीत एका मैत्रिणीच्या आईनं मात्र फोन केला आणि सरळ विचारलं, "फुग्यांऐवजी काय लावू ते सांगा." मी क्रेपच्या पताका सुचवल्या. त्या घरी भिंतभर लाल-पिवळ्या पताका लागल्या, त्या इतक्या छान दिसल्या की पुढे त्या वर्गात पताकांचीच पद्धत पडली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. 'या, पण जपून' असं सगळेच म्हणतात. 'काय लावू' असं तिनं एकटीनंच विचारलं.

आता कोल्हापूर.

सहावीची सहल जानेवारी २०२४ मध्ये कोल्हापूरला जायची होती. शाळेनं अट घातली, आई बरोबर येणार असेल तरच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आनंदच झाला. बसमध्ये आम्हाला पुढची सीट दिली. मागच्या बाकांवर गाणी, भेंड्या, चिप्सची पाकिटं, एकमेकींच्या अंगावर पडणं. ही मान वळवून बघायची आणि परत पुढे बघायची. अंबाबाईच्या देवळात दुपारची फरशी तापलेली होती. तिच्या पावलांना चटका कळत नाही, भाजलं तरी फोड आल्यावरच दिसतं, म्हणून बारा वर्षांच्या पोरीला मी कडेवर घेतलं, सगळ्या वर्गादेखत. न्यू पॅलेसमध्ये मी खुर्ची ढकलत होते आणि प्रत्येक वस्तूची माहिती वाचून दाखवत होते. रंकाळ्यावर पोरी भेळ खायला पळाल्या, मी तिला घरचा डबा उघडून दिला. नळीच्या तीनही वेळा मी सांभाळल्या. एक थेंब कुठं सांडला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कशी झाली गं सहल?" ती म्हणाली, "मी आईबरोबर कोल्हापूरला गेले होते. वर्ग पण तिथं आला होता."

मी स्वयंपाकघरात होते. तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. मला पाट आठवला, हत्ती आठवला. पाटावर बसवणाऱ्या काकू आठवल्या. आता तो पाट मी होते.

त्या सुमारास तिच्या फिजिओथेरपीच्या ताईंनी एक प्रश्नावली दिली होती. ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या पालकांनी भरायची, घर, शाळा आणि गाव मिळून २५ गोष्टी. प्रत्येक गोष्टीपुढे तीन प्रश्न: किती वेळा करते, करताना किती गुंतलेली असते, आणि त्यात बदल हवा का. ताई म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये दिव्यांगत्वाकडे बघायची जी नवी मांडणी केली, त्यात शरीर काय करू शकतं याच्याइतकंच महत्त्व 'सहभागा'ला दिलंय, म्हणजे माणूस आपल्या जगण्यात किती सामील आहे त्याला. मी भराभर भरलं. लग्नकार्य: नेहमी. गणपती: नेहमी. हळदीकुंकू: नेहमी. नेतेच की मी तिला सगळीकडे. ताईंनी एक कोरी प्रत लेकीला दिली, खरं तर ती पालकांसाठी असते. 'किती वेळा' मध्ये आमच्या खुणा जुळल्या. 'किती गुंतून' मध्ये तिनं जवळजवळ सगळीकडे सगळ्यात खालची खूण केली होती. आणि घरकामाच्या ओळीपुढे आम्ही दोघींनीही एकच लिहिलं होतं: कधीच नाही.

ते मला सगळ्यात जास्त लागलं. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पुतण्याला मी दळण आणायला पाठवते, आणि हिला बारा वर्षांत पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवली. तिनं दीड तास लावला. काड्याही भाजीत गेल्या. संध्याकाळी बाबांना ताटात वाढताना म्हणाली, "मी निवडलीय, काड्या असतील." यांनी काड्यांसकट खाल्ली. मग कणीक आली. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर. गटाराच्या फरशीपाशी खुर्ची अडते, तिथं तिनं दुकानदार काकांना हाक मारायची असं ठरलं. पहिल्या दिवशी मी गच्चीतून लपून बघत होते. तिसऱ्या दिवशी तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, हात केला आणि पुढे गेली. मी आत आले.

ऑगस्ट २०२४ मध्ये टॅनी ग्रे-थॉम्पसन यांची बातमी आली. त्यांनाही जन्मतः हाच आजार. ब्रिटनसाठी चाकाच्या खुर्चीवरून धावून पॅरालिम्पिकची १६ पदकं मिळवली, त्यांपैकी ११ सुवर्ण, पुढे संसदेत गेल्या. त्या पॅरिसच्या पॅरालिम्पिकला निघाल्या असताना लंडनमध्ये गाडीतून उतरवून घ्यायला रॅम्प घेऊन कुणीच आलं नाही. शेवटी सामान फलाटावर टाकून त्या सरपटत खाली उतरल्या. मला ते वाचून फार राग आला, रडायला आलं. लेकीनं मोबाईल हातात घेऊन बातमी दोनदा वाचली. "त्या एकट्याच चालल्या होत्या, आई," म्हणाली. "बरोबर कुणी नव्हतं." तिच्या डोळ्यांत जे होतं ते दुःख नव्हतं.

सातवीची सहल औंधला ठरली. शाळेची अट तीच. या वेळी मी वर्गशिक्षिकांकडे गेले आणि म्हटलं, मी येणार नाही. बाई घाबरल्या, साहजिक आहे. मी त्यांना काहीच करायला सांगितलं नाही, फक्त संडास कुठं आहे ते आधी फोन करून विचारायचं, आणि दार बंद असताना दहा मिनिटं कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. बूट काढायचे नाहीत. बाकी तिचं ती बघेल. पाळी तिला साडेनऊ वर्षांची असतानाच आली होती (डोक्यात पाणी असलेल्या मुलींना ती लवकर येऊ शकते), त्यामुळं तेही सामान थैलीत होतंच. सकाळी सहाला बस निघाली. खुर्ची घडी करून दोघी पोरींनी बसच्या डिकीत ढकलली, तिला तिच्या बाबांनी उचलून मागच्या बाकावर बसवलं आणि ते खाली उतरले. माझा पाय तिथून निघेना.

दिवसभर मी फोन केला नाही. दुपारी चारला एकदा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला.

रात्री नऊला आली. पायमोजे ओले, सलवार दुसरी. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तीनची नळी चुकली. गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या, घड्याळ थरथरलं पण मी म्हटलं हे कडवं होऊ दे. मग ओलं झालं. मग बदललं." तिच्या शेजारच्या मुलीनं ओढणी आडवी धरली होती म्हणे. मी पाय बघितले, फोड नव्हता. औंधच्या संग्रहालयात हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे, ते तिनं बघावं असं मला फार वाटत होतं, जाताना सांगितलंही होतं. विचारलं, तर तिला आठवतच नव्हतं. "असेल," म्हणाली. "आम्ही मागे होतो." त्या 'आम्ही'वर मी पुढे काही विचारलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही वर्षं मी वाणाबरोबर एक चिठ्ठी देते. नवीन लग्न झालेल्या मुलींसाठी. गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या, डॉक्टरांना विचारा. १९९१ मध्ये ब्रिटनमधून झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांना आधी असं मूल झालं होतं त्या बायकांनी जास्त मात्रेत फॉलिक ॲसिड घेतल्यावर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. मला पहिली गोळी मिळाली तिसऱ्या महिन्यात. तोवर २८ दिवस कधीच उलटून गेले होते, आणि आमच्याकडे बहुतेक जणींचं असंच होतं. दिवस गेल्याचं कळतं तेव्हाच उशीर झालेला असतो. म्हणून मी चिठ्ठ्या लिहिते, आणि लिहीत राहणार.

औंधहून आली त्याच जानेवारीत ती चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला माझ्याशेजारी बसली. एक चिठ्ठी उघडून वाचली. वरती माझ्या अक्षरात होतं, 'असं मूल जन्माला येऊ नये म्हणून'.

"असं म्हणजे माझ्यासारखं?"

मला बोलता येईना. सात ऑपरेशनं, शंट अडकला त्या रात्रीच्या उलट्या, दवाखान्याच्या खेपा, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं, हे मी कसंबसं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग ऑपरेशनं नकोत असं लिही ना. मी नको असं लिहू नकोस." आणि पेन घेऊन तिनं ती ओळ खोडली. 'बाळाचा कणा नीट मिटावा म्हणून', असं वरती लिहिलं. चाळीस चिठ्ठ्या होत्या. चाळीसही तिनंच दुरुस्त केल्या, तिरक्या, ओळ सोडून जाणाऱ्या अक्षरात, रात्री अकरापर्यंत. मी मधे एकदा म्हटलं, दे थोड्या, मी करते. तिनं दिल्या नाहीत.

गेल्या आश्विनात आमच्याच घरी हादगा मांडला. तिनंच ठरवलं, मला फक्त तारीख सांगितली. अंगणात पाट, पाटावर हत्ती, त्याच्याभोवती अकरा पोरी. खुर्चीच्या दोन्ही हातांना दोघींनी धरलं आणि फेर फिरायला लागला. चाक एका फरशीच्या फटीत अडलं, फेर थांबला, कुणीतरी चाक उचलून पुढे ठेवलं, फेर परत सुरू. खुर्चीच्या बेतानं गाणी जरा संथ चालली होती. एक पोरगी म्हणाली, "अशीच बरी आहेत गं, शब्द तरी कळतात."

खिरापत तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं दुपारी दार लावून केली होती. मला आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात यायला बंदी होती. गाणी संपल्यावर तिनं मांडीवर डबा घेतला आणि हलवून वाजवला. पोरी ओरडायला लागल्या. गोड की तिखट? दाण्याची की खोबऱ्याची? कुणालाच येईना. मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू सांग."

मी म्हटलं, शेंगदाण्याची चिक्की. नाही. चिवडा. नाही. खोबऱ्याच्या वड्या, शंकरपाळी, करंजी, डाळ-मुरमुरे. नाही, नाही, नाही, नाही. डब्याचा आवाज मी कान देऊन ऐकला. घरात काय काय सामान होतं ते आठवून बघितलं. आणखी दोन नावं घेतली.

एकही बरोबर निघालं नाही. तिनं डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं होतं आणि हसत होती.